गोठलेल्या तळ्यावरचं निर्माल्य

वाईच्या एसटी स्टँडवर आमची गाडी सुटायला आली, कंडक्टरनं दार ओढून घेतलं, आणि तेवढ्यात आई धापा टाकत खिडकीखाली येऊन उभी राहिली. पदराखालून तिनं लाल खणात बांधलेली पुरचुंडी काढली आणि माझ्या मांडीवर टाकली. आत माझे देव होते. लग्नात मिळालेले बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा. दोन वर्षांचाच तर प्रश्न आहे म्हणून मी ते मुद्दाम माहेरच्या देव्हाऱ्यात ठेवून निघाले होते. कुसुम, तू मैत्रीण म्हणून पोचवायला आलेली, आईच्या शेजारीच उभी होतीस, तुला आठवत असेल. आई म्हणाली, "देवाविना संसार करतेस की काय तिकडं? घेऊन जा. आणि निर्माल्य वाहत्या पाण्यात सोडायचं हं. साचलेल्यात नाही, केरात तर मुळीच नाही."

मी हसून म्हटलं, "अगं, अमेरिकेत नद्या नसतील का?"

ही त्र्याऐंशी सालची गोष्ट. नद्या होत्या गं बाई, हव्या तेवढ्या होत्या. फक्त वाहत नव्हत्या.

आमच्या ह्यांना मिनेसोटात अगदी वरच्या अंगाला, एका तळ्याकाठच्या लहानशा गावात कागदाच्या गिरणीत नोकरी लागली होती. गाव केवढं? एक चर्च, एक शाळा, दोन दुकानं, एक कॉफी मिळायची जागा, आणि समोर ते तळं. तळं म्हणायचं, पण पलीकडचा काठ दिसायचा नाही. नोव्हेंबरात ते गोठायला लागायचं आणि एप्रिल संपेतो तसंच. आपल्या लोकांतले जे थेट न्यू जर्सीला उतरले, ज्यांना पहिल्याच आठवड्यात कढीपत्ता मिळाला, त्यांना आमचं ते दिवस काढणं सांगून कळायचं नाही. तीनशे मैलांत मराठी बोलणारं घर नव्हतं.

ह्यांनी मला शब्द दिला होता, "दोन हिवाळे. मग परत." दोन झाले. मग गिरणीत नवं मशीन आलं, साहेबानं थांब म्हटलं, आणि तिसरा हिवाळा माझ्या डोक्यावर येऊन बसला. माझी ट्रंक दोन वर्षं पलंगाखाली अर्धी भरलेलीच होती. काही लागलं तर मी त्यातूनच काढायची आणि परत त्यातच ठेवायची.

लहानपणी आई मला म्हणायची, "तुझ्या पायाला भिंगरी आहे." त्या घरात भिंगरीला जागाच नव्हती. ह्या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत अकरा पावलं. दिवसातून किती वेळा व्हायची देव जाणे. बाहेर मात्र सगळं गाव उनाड झाल्यासारखं हुंदडत असायचं. पाच वर्षांची मुलं हातात काठी घेऊन बर्फावर हॉकी खेळायची. म्हातारी माणसं पायाला लांब फळ्या बांधून रानातून घसरत जायची. त्यांच्या त्या बर्फावरच्या मोटरसायकली आमच्याकडच्या डिझेल इंजिनासारख्या तडतडायच्या. आणि तळ्याच्या मधोमध सुताराच्या दुकानातून आणून ठेवल्यासारख्या लाकडी खोपट्या. आत शेगडी पेटवायची, बर्फाला भोक पाडायचं आणि गळ टाकून बसायचं. चक्क गाड्या चालवत न्यायचे गं तळ्यावरून! माझी मेधा सहा वर्षांची. ती शाळेतून आली की दप्तर फेकून स्केट्स घालायची. मी दारातून ओरडायची, "मेधा, पाणी आहे खाली!" ती म्हणायची, "आई, इट्स जस्ट आइस," आणि पळायची. मी तीन वर्षांत तळ्यावर एक पाऊल टाकलं नव्हतं. कृष्णाकाठची पोर मी. पूर पाहिलेला. पाण्यावर चालायचं असतं हे मला कोण पटवणार?

त्या गावाची एक गंमत होती. दर हिवाळ्यात एक जुनी, इंजिन काढलेली मोटार तळ्यावर नेऊन उभी करायचे. बर्फ फुटून ती कुठल्या दिवशी बुडेल, ते कॉफीच्या दुकानातल्या वहीत जो तो लिहायचा. आमच्या ह्यांनी मला सांगितलं होतं, "या वर्षी नक्की. ती मोटार बुडाली की तुझं आणि मेधाचं तिकीट. मी मागाहून येतो." मग काय! गावाचा खेळ असेल, माझा जीव त्या मोटारीत अडकलेला. सकाळी उठलं की आधी खिडकी. आहे का? आहेच मेली! वहीत मी होळीच्या दिवसाची तारीख लिहिली. दुकानातली बाई पोट धरून हसली. मार्च महिन्यात तिथं नळाचं पाणीसुद्धा वितळायला तयार नसतं.

आणि इकडं निर्माल्य साठत चाललं होतं. पूजेला मी दुकानातली शेवंतीसारखी फुलं आणायची, ती दोन आठवडे पुरवायची. उतरवलेली फुलं पावाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. उन्हाळ्यात नदीत सोडणं सोपं असायचं. पण नोव्हेंबरपासून पिशवी फुगत फुगत एकीच्या तीन झाल्या. हे म्हणाले, "अगं, टाक ना कचऱ्यात, देव काय बघायला येतोय?" मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

जानेवारीत एक दिवस पाहते, तर लोक आपापली नाताळची झाडं घरातून काढून तळ्यावर नेताहेत. एकामागून एक, ओळीनं बर्फात रोवताहेत, अगदी लांबवर. माझ्या मनानं घेतलं, सण झाला, ज्याची पूजा केली ते आता पाण्याला द्यायचं. यांचंही विसर्जनच हे! बर्फ फुटला की सगळं तळ्यात जाईल. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! इतके दिवस ही माणसं परकी वाटायची, आणि आता वाटलं, अरे, आपल्यासारखंच आहे की.

फेब्रुवारीतली सकाळ. हे गिरणीत, मेधा शाळेत. मी साडीखाली ह्यांची लोकरी विजार चढवली, वरून ह्यांचा कोट, पायात मेणकापडाचे वाटावेत असे फुगीर बूट, आणि हातात तीन पिशव्या. पहिलं पाऊल टाकताना गजाननाचं नाव घेतलं. काही झालं नाही. दुसरं टाकलं. मग झाडांच्या ओळीनं चालत सुटले. खरं सांगते, चालायला लागल्यावर इतकं मोकळं वाटलं! अकरा पावलांच्या पुढं बारावं, तेरावं, शंभरावं. कोणी अडवायला नाही.

शेवटच्या झाडापाशी पिशव्या ठेवून यायचं ठरलं होतं. पण तिथं उभी राहिले आणि कानावर पाण्याचा आवाज आला. खळखळ नव्हे, नुसती कुजबुज. डावीकडं नदी तळ्याला मिळते तिथून. आईचे शब्द आठवले. वाहत्या पाण्यात. इतक्या लांब आलोय तर ठेवून कशाला जायचं, सोडूनच जाऊ की. वळले तिकडं.

कोणाही शहाण्या माणसानं तिथं वाहणाऱ्या पाण्यापासून लांब पळावं. मी ते शोधत निघाले होते.

पायाखालचा पांढरा बर्फ करडा झाला, करड्याचा काळा झाला. मला वाटलं ढगाची सावली. मग कापड फाटावं तसा आवाज झाला आणि मागून कोणीतरी किंचाळलं, "लाय डाउन! फ्लॅट! लाय डाउन!"

आता आडवी हो म्हणजे काय? भर सकाळी, तळ्यावर? मी वळून बघायला गेले आणि उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत. ती थंडी, कुसुम, थंडी नव्हतीच ती. चटका होता. मी पडलेच, आणि पडले म्हणून वाचले. पोटावर पसरले. पिशव्या हातात घट्ट. डोळ्यासमोर मेधा आली. तिला शाळेतून कोण आणणार, एवढंच मनात.

ओरडत होती ती आर्लीन. आमच्या घरापासून तिसऱ्या घरात राहणारी, सत्तरीची, नवरा गेलेली. तिची खोपटी जवळच होती. तिनं लांब फळी बर्फावरून माझ्याकडं सरकवली आणि स्वतःही पोटावर झोपून दुसरं टोक धरलं. म्हणत होती, पिशव्या सोड, दोन्ही हातांनी धर. मी पिशव्या दातांत धरल्या. खरंच. मग तिनं मला ओढलं, वीतवीत करत.

खोपटीत शेगडी धडधडत होती. माझ्या साडीचा काठ वाळवणाच्या पापडासारखा कडक झालेला. आर्लीननं माझा बूट ओढून काढला, पाय आपल्या कुशीत घेतला आणि चोळता चोळता शिव्या घालत राहिली. माझं इंग्रजी तेव्हा यथातथाच, पण शिव्या कळत होत्या. ती झाडं रस्ता दाखवायला असतात. झाडांच्या ओळीत बर्फ जाड, ओळीबाहेर जायचं नाही, हे सहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं, मूर्ख बाई! मग दम घेऊन तिनं पिशव्यांकडं बोट केलं. असं आहे तरी काय त्यात, की जीव गेला तरी सोडत नव्हतीस?

मी म्हटलं, "गॉड्स फ्लॉवर्स. ओल्ड. मस्ट गो इन वॉटर." आणि मग एवढा वेळ न आलेलं रडू आलं.

ती हसली नाही. खोपटीतल्या भोकाकडं बघून म्हणाली, "हे पाणी चालेल?" भोक मोठ्या गिरमिटानं पाडलेलं, परातीएवढं. मी मान हलवली. वाहतं हवं. तेव्हा तिनं माझं बोट धरून गळाची दोरी दाखवली. दोरी भोकातून सरळ खाली जात नव्हती. तिरकी जात होती, एका बाजूला ओढल्यासारखी. "बघ," ती म्हणाली, "वरून गोठलंय. खाली सगळं चाललंय."

तीन महिन्यांचं निर्माल्य मी त्या भोकात सोडलं. मूठभर सुकी फुलं पाण्यावर आली, फिरली, आणि एकेक करत बर्फाखाली निघून गेली.

संध्याकाळी हे घरी आले, गावात बातमी आधीच पोचलेली. बूटसुद्धा न काढता खुर्चीत बसले. मग म्हणाले, "मोटारीची वाट बघू नकोस. मी तुला इथं आणून मारायला बसलो होतो. उद्याच तिकिटं काढतो." तीन वर्षं जे ऐकायला कान आसुसले होते ते ऐकलं, आणि मला आनंद होईना. ट्रंक भरली. देव खणात बांधले. देव बांधताना हे दारात उभे होते. देव नेले म्हणजे काय, ते दोघांनाही कळत होतं.

मार्चमध्ये वाईला आले. मोटार अजून बर्फावर उभीच होती.

माहेरी देव परत देव्हाऱ्यात बसले. मी रोज घाटावर जायची, नदीत हवं तेवढं निर्माल्य सोडायची. पहिले पंधरा दिवस स्वर्ग. मग पुन्हा भिंगरी. पोस्टमनची वाट बघत ओट्यापासून आडापर्यंत येरझाऱ्या. मेधा विचारायची, "बाबा एकटेच जेवतात का?" शेजारणी विचारायच्या, "परत कधी?" मी म्हणायची, "बघू." आणि मनात सारखं, मोटार बुडाली असेल का? मेमध्ये आर्लीनचं पत्र आलं. एप्रिलच्या शेवटी बुडाली म्हणे, दुपारी, सगळं गाव काठावर उभं असताना. तुझा नवरा आला होता, पण टाळ्या वाजवत नव्हता. खाली लिहिलं होतं, "तुझं भोक मी शेवटपर्यंत उघडं ठेवलं होतं."

ते मी आईला वाचून दाखवलं. आधी भीत होते. देवाचं निर्माल्य मासे धरायच्या भोकात सोडलं, हे तिला सांगितलंच नव्हतं. आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "पहिला अवतार कुणाचा गं? माशाचाच ना?" आणि सूप बाजूला ठेवून उठली. देव्हाऱ्यातून बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा काढले, त्याच लाल खणात बांधले आणि माझ्या मांडीवर ठेवले. "जा. यांना आता तिकडच्या पाण्याची सवय झालीय." माझ्याकडं न बघता परत सूप ओढलं. कुसुम, तेव्हा तिनं निवडलेल्या तांदळात किती खडे राहिले होते, ते तूच जेवताना बोलून दाखवलंस.

त्यानंतर पंचवीस हिवाळे मी त्या तळ्यावर काढले. आर्लीननं मला बर्फ वाचायला शिकवलं. काठी आपटायची आणि ऐकायचं. ठणठणीत वाजला तर जा, बद्द वाजला तर मागं फिर. ती गेल्यावर तिची खोपटी मी चालवली. गळ नाही टाकला कधी, पण भोक पाडत राहिले. पुढं आमचे हेही गेले, आणि मेधानं मला इकडं दक्षिणेकडच्या उबदार कॅरी गावात आणलं. इथं घरामागंच ओढा आहे. बारा महिने वाहतो. गोठत नाही, पूर नाही, काही नाही. निर्माल्य सोडायला चपलासुद्धा बदलाव्या लागत नाहीत.

पण माझा पाय ठरत नाही. आता हातात काठी असते, वयाची. इथल्या अंगणात उतरताना मी आधी ती आपटून बघते. मागं वाईला आले होते तेव्हा घाटाच्या पायऱ्यांवरही आपटली, तू हसलीस. म्हटलं गुडघ्यामुळं. गुडघ्यामुळं नाही गं. कुठंही पाऊल टाकायच्या आधी मला विचारावंसं वाटतं, पेलशील ना बाई? एका त्या तळ्यावर, जिथं खरं तर विचारायला हवं, तिथं झाडांची ओळ दिसली की काठी विसरून मी चालायला लागते.

जानेवारीत मेधा चार दिवस तिकडं नेणार आहे. म्हणते, "आई, वी हॅव टाइम, आत्ताशी ऑक्टोबर आहे." असू दे. देव मी खणात बांधून ठेवलेत.