उजवा रकाना खाली का घसरतो

आमच्या थोरल्या जाऊबाईंना संशय घ्यायला कारण लागत नाही. दूधवाला हसला की दुधात पाणी आहे, नाही हसला तर नक्कीच आहे. पण त्यांना खरी भीती एकाच गोष्टीची. त्यांच्या आईला उतारवयात विस्मरण जडलं, शेवटी पोटची लेकही ओळखू येईना. ते आपल्यालाही होणार, असं त्या धरून चालतात.

तळमजल्यावर घरचा छापखाना आहे. निवृत्त कामगारांचं पत्रक जाऊबाई कॉम्प्युटरवर लावतात. एकच पान, दोन रकाने. डावीकडे बारीक अक्षरात निधनवार्ता, उजवीकडे सूचना. मजकुरासाठी येणारे फोन मी घेते. सलग चार अंक एकच भानगड झाली: सकाळी चोख लावलेलं पान संध्याकाळी उघडावं, तर उजवीकडचं शीर्षक खाली घसरलेलं आणि शेवटची सूचना दुसऱ्या पानावर एकटी.

कुणीतरी हात लावतंय, असं त्यांनी जाहीर केलं. आधी प्रिंटर दुरुस्त करणारा, मग भावजी, मग मी. एकदा तर बोटांचे ठसे उमटावेत म्हणून कीबोर्डवर पावडर भुरभुरवली. पंख्याने ती उडाली. ही गोष्ट मी जेवताना सगळ्यांना रंगवून सांगितली आणि सगळे पोट धरून हसले. जाऊबाई खाली मान घालून जेवत राहिल्या.

नंतर त्यांनी आमच्यावर संशय घेणंच सोडलं. मला हायसं वाटलं. मग एका सकाळी भाजी निवडताना त्यांनी डॉक्टरांची वेळ घेतल्याचं सांगितलं.

"पान मीच बिघडवत असणार," त्या म्हणाल्या, "आणि विसरत असणार. आईचं असंच सुरू झालं होतं."

 पानाला हात मीच लावत होते.

बारानंतर एक अक्षरही बदलायचं नाही, हा त्यांचा नियम. पण रडवेल्या आवाजात कुणी म्हणालं, बाबांच्या निधनवार्तेत धाकट्या नातीचं नाव राहिलंय, तर नाही कसं म्हणायचं? जाऊबाई दुपारी वर पडायला गेल्या की मी नाव घालायचे, सेव्ह करायचे आणि पान खालपर्यंत न बघताच उठायचे. बोलणी कोण खाणार, म्हणून गप्प राहायचे.

त्यांना हाताला धरून खाली नेलं, सगळं कबूल केलं आणि त्यांच्यादेखत एक नाव घातलं. ओळ वाढली, शीर्षक घसरलं. मग एरवी न दिसणाऱ्या खुणा उघड केल्या. डाव्या रकान्याच्या तळाशी एकोणीस एंटर एकाखाली एक उभे होते. जाऊबाई टाइपरायटरवर शिकलेल्या. मजकूर पलीकडे जाईपर्यंत एंटर दाबत राहायच्या. वर एक ओळ वाढली की खालचं सगळं एक ओळ सरकायचं. ते एंटर काढून मी तिथे रकाना तोडण्याची, म्हणजे पुढचा मजकूर थेट उजवीकडे सुरू करण्याची, आज्ञा दिली आणि आणखी एक नाव घातलं. शीर्षक जागचं हललं नाही.

 जाऊबाईंचे डोळे भरून आले.

"म्हणजे मी विसरत नाहीये."

"नाही, ताई."

"आणि हे तुला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तरी तू जेवताना हसत होतीस."