झोळीखालची गादी

दिग्रसच्या आमच्या गादीच्या दुकानात गिऱ्हाईक कापूस टाकून निघून जात नाही. घरचा सरकी काढलेला कापूस घेऊन येतं आणि तो पिंजून, खोळीत भरून, शेवटचा टाका पडेपर्यंत समोर बसून राहतं. आपला कापूस काढून दुसऱ्याचा भरतील ही भीती! दोन-तीन तास बसलेला माणूस गप्प थोडाच बसतो? त्यामुळे आमच्याकडे कापसाच्या उडत्या तुसांसारखे किस्सेही साठतात. भुवयांवर, चहात, कुठंही. सगळ्यांत जास्त साठले ते एका हिवाळ्यात. कापसाला कुत्रं विचारत नव्हतं आणि लोक लग्नातसुद्धा फोमच्या गाद्या देऊ लागले होते, त्या वर्षांतला हिवाळा.

दुकानात माणसं चार. अब्बाजी, म्हणजे माझे आजोबा. त्यांना सगळं माहीत असतं. रहीम चाचा पिंजायची मशीन चालवतात आणि अब्बाजींना जे माहीत असतं तेच त्यांनाही माहीत असतं. फुप्पी, म्हणजे माझी आत्या, टाके घालते. चौथी मी, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, म्हणजे काहीच माहीत नसलेली. घरात आम्ही हिंदी बोलतो, दुकानात आणि अंगणात वऱ्हाडी, आणि भांडताना तोंडाला येईल ती.

*

सुरुवात केली आमच्या कॉलेजच्या वानखडे मॅडमनी. मुलींचा पहिलाच हिवाळी कॅम्प, चिखलदऱ्याला, बारा मुली. त्यांत मीही. जागा खडकाळ आणि दवानं ओली, म्हणून झाडांना हॅमॉक, म्हणजे मोठ्या कापडी झोळ्या, बांधून झोपायचं. प्राचार्यांची अट एकच: बाराही घरांतून सही आली तर कॅम्प, एक जरी कमी पडली तर रद्द. मुलांचा कॅम्प दरवर्षी जायचा, त्यांना सही कुणी मागत नव्हतं, पण ते असो.

मॅडम दुकानात आल्या आणि म्हणाल्या, झोळीसाठी गरम गादी करून हवी आहे.

अब्बाजींचा चेहरा फुलला. "मुबारक हो बाई. लेकरू केवढं हाय?"

"एकोणीस वर्षांचं," मॅडम म्हणाल्या.

अब्बाजींनी चष्मा पुसला आणि चाचांना चहा सांगायला पाठवलं.

*

खरी पंचाईत पुढं होती. हॅमॉकमध्ये गादी आत टाकून उपयोग नसतो. अंगाच्या वजनानं ती दबते, पाठीखाली वारा फिरतो आणि माणूस गारठतो. म्हणून गादी बाहेरून, झोळीच्या खाली टांगायची, म्हणजे ती फुगलेली राहते. हे मी अब्बाजींना चित्र काढून समजावलं. दोनदा.

त्यांनी कागद उलटा करून पाहिला. "म्हंजे गादी खाली, माणूस वर, अन् मधात काही नाई? गादीवर कोणी झोपणारच नाई तं तिले समजन कसं का आपण गादी हावो?"

मी म्हटलं, ऊब कापूस देत नाही, कापसात अडकलेली हवा देते. इतकी वर्षं तुम्ही हवाच विकताय.

हे बोलायला नको होतं. चाचांनी मशीन बंद केली. "हवाच गरम ठेवते तं कापूस कायले भरतो आपण? सायकलचा पंप आणतो मी."

समोर बसलेलं गिऱ्हाईक त्या दिवशी आपल्या कापसाकडं जरा जास्तच बारकाईनं बघत होतं.

*

अब्बाजींचा हिशोब साधा. जड ते गरम. पहिला नमुना त्यांनी स्वतः भरला, सहा किलो. फुप्पीनं त्यावर असे घट्ट टाके घातले की टिचकी मारली तर आवाज यावा. अंगणातल्या दोन कडुनिंबांना मॅडमचा हॅमॉक बांधला, खाली ती गादी टांगली आणि ट्रायलला चाचांना चढवलं.

झोळी हळूहळू खाली आली. आणखी खाली आली. मग जमिनीवर टेकून थांबली. चाचा गादीवर, गादी जमिनीवर, आणि दोऱ्या उगाच वर ताणलेल्या.

अब्बाजींनी वाकून विचारलं, "कसं वाटते?"

"लय गरम हाय भाईजान," चाचा म्हणाले. "झकास."

या माणसांशी मला रोज वाद घालावा लागतो.

*

मग मी यवतमाळहून एसटीनं पॉलिस्टर फायबरचं पोतं आणलं. पुढच्या दारानं आणलं, ही चूक झाली. आर्णीकडचे दोन शेतकरी आपला कापूस पिंजून घेत बसले होते. ते पोत्याकडं पाहत राहिले आणि अब्बाजी त्यांच्याकडं. दोन दिवस अब्बाजी माझ्याशी बोलले नाहीत. मी समोर बसलेली असताना चाचांना म्हणायचे, "त्या सायंटिस्टले सांग, जेवून घे."

तिसऱ्या दिवशी मी एक कापसाची आणि एक फायबरची, अशा दोन छोट्या गाद्या संध्याकाळी अंगणात टांगून ठेवल्या. सकाळी दोन्ही अब्बाजींच्या पुढ्यात ठेवल्या. दवानं कापूस ओला होऊन बसला होता. फायबर झटकलं आणि कोरडं.

अब्बाजींनी दोन्ही बराच वेळ चाचपल्या. "कापूस जिता हाय, म्हणून पाणी पेतो," ते म्हणाले. "हे मेलेलं हाय, म्हणून कोरडं हाय."

"अब्बाजी, पोरी जित्या वापस आणायच्या हायेत."

ते उठून आत गेले. दुपारी चाचांकरवी निरोप आला, की उरलेली पोती मागच्या दारानं आणावीत.

*

पण आमच्या घरात पिंजल्याशिवाय काही भरायचं नसतं. फायबर कारखान्यातूनच फुगून येतं, त्याला पिंजायची गरज नाही, हे मी सांगून कॉलेजला गेले. परत आले तर चाचांनी अख्खं पोतं मशीनला लावलेलं! ते रुळाला असं गुंडाळलं गेलं होतं की मशीनला लोकर आली होती. उरलेलं उडून चाचांच्या दाढीला चिकटलेलं, आणि झटकलं की पुन्हा येऊन चिकटायचं.

चाचा म्हणाले, "आधी पिंजल्याबिगर भरणं म्हंजे बेइमानी वाटते."

रूळ साफ करायला आम्हाला पूर्ण दीड दिवस लागला.

फुप्पीचं वेगळंच. टाके विरळ घाल, नाहीतर फायबर दबेल, असं म्हटल्यावर ती सुई ठेवून बसली. "विरळ टाके पाहून लोक म्हणतीन, फुप्पीचे डोये गेले." शेवटी त्या गाद्या दुकानातल्या गिऱ्हाइकाला दाखवायच्या नाहीत या बोलीवर तिनं बाराही शिवल्या. एकेक उचलली की हातात काही आहे असंच वाटत नव्हतं.

*

आता सह्यांचं. कॅम्पच्या आधीच्या रविवारी मॅडमनी मुलींच्या वडलांना सकाळी सातला आमच्या अंगणात बोलावलं, समक्ष बघा म्हणून. कडाक्याची थंडी, बोलताना तोंडातून वाफ. अकरा बाप मफलर गुंडाळून उभे. माझे अब्बा ट्रक घेऊन बाहेरगावी असतात, म्हणून माझ्या फॉर्मवर सही करायची होती अब्बाजींना. ती त्यांनी अजून केली नव्हती. नाहीही म्हणाले नव्हते. विचारलं की नमाजची वेळ व्हायची.

सगळ्यांनी हॅमॉक ओढून पाहिला, खालची गादी दाबून पाहिली. हलकी लागली तशी माना हलल्या. केळापूरकडचे एक काका म्हणाले, एवढ्याशा फुग्यावर पोरगी कशी पाठवायची. मॅडम सांगत होत्या, मी सांगत होते. काका आम्हा दोघींकडं बघतसुद्धा नव्हते. ते अब्बाजींना म्हणाले, "बाबा, तुमची नात जाऊन राह्यली का?"

सगळे अब्बाजींकडं वळले.

अब्बाजींनी चपला काढल्या. अंगातलं स्वेटर काढून माझ्या हातात दिलं. चाचांच्या खांद्याला धरून झोळीत चढले, वर एक चादर ओढली आणि डोळे मिटले.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. मग झोळीतून घोरण्याचा आवाज येऊ लागला, सावकाश आणि एका लयीत.

बाप एकमेकांकडं बघू लागले. केळापूरचे काका पुढं होऊन अब्बाजींच्या तोंडाजवळ वाकले, आणि चवड्यांवर मागं आले. "गाढ झोपले," ते कुजबुजले. "मले तं घरात बी अशी झोप नाई लागत." एकानं ओठांवर बोट ठेवून मॅडमकडं पेन मागितलं. मग अकरा माणसांनी एकमेकांच्या पाठीवर कागद ठेवून, आवाज न करता, सह्या केल्या आणि हातात चपला घेऊन अंगणाबाहेर पडले. मॅडमसुद्धा फाटकाची कडी न वाजवता गेल्या.

घोरणं चालूच होतं. मी माझा कोरा फॉर्म आणि स्वेटर घेऊन झोळीजवळ गेले. अब्बाजींना उठवावं की नाही, कळेना.

"गेले का सगळे?" अब्बाजींनी डोळे न उघडता विचारलं.

"गेले."

"मंग उतरव मले लवकर. खालची गादी ढिली बांधली तुनं, मधातून वारा येऊन राह्यला. पाठीचं पार बर्फ झालं माह्या." त्यांनी चादरीतून हात बाहेर काढला आणि फॉर्म ओढून घेतला. "बाराही आवळून घे."