मंजुषाचा हात अन् दानम्माचं आसन

लातूरजवळच्या मुरुडच्या बाजारपेठेत मल्लिनाथचं किराणा दुकान आहे, पण गादीवर बसते ती त्याची बायको, मंजुषा. वीस वर्षं झाली. बसल्या जागेवरून हिचा हात डाळीच्या पोत्यात जातो, वरच्या फळीवरच्या चहापुड्याला पोचतो, मागच्या तेलाच्या डब्यालाही लागतो. उठायचं काही नाव नाही. सासू दानम्मा म्हणायची, "देवानं हिला हात माकडाचा दिला अन् बूड जात्याचं!"

अशी ही बाई पंचेचाळिसाव्या वर्षी पिस्तूल चालवायला लागली. लेक साक्षीला नेमबाजी शिकवायला म्हणून ती लातूरला घेऊन जायची. लेकीनं महिन्याभरात सोडलं, आईनं धरलं. छर्ऱ्याचं पिस्तूल, दहा मीटरवर कागदाचं निशाण, अन् धरायचं एकाच हातानं. पेठेत हसू झालं. "मंजुषाताई, गूळ मऊ हाय म्हणायची बी आता भीती वाटून राहिली," म्हणत गिऱ्हाईकं.

लोकांच्या हसण्याचं तिला काही नव्हतं. घोर वेगळाच होता. या खेपेला लातूरच्या स्पर्धेतून जिल्ह्याच्या संघात चौघी घेणार होते. त्यात नाव आलं तर पुढं शिकायचं, नाही तर पिस्तूल बंद, असा शब्द तिनं घरात देऊन ठेवला होता. अन् छर्रे तर सगळे डावीकडं पळत होते.

शिकवणारे शेषेराव फौजेतून आलेले, सबुरीचे. म्हणाले, "ताई, डोळे मिटा. हात सैल उचला. आता बघा."

बघते तर नळी शेजारणीच्या निशाणाकडं! मंजुषानं मनगट ओढून मधोमध आणलं.

"ओढू नका हो! ओढलेला हात माघारी पळतो. पाय सरकवा, पाय!"

"हाव सर," म्हणायची, अन् पुन्हा हातच ओढायची. गादीवरची सवय ती. पाय जणू भुईत रोवलेले. दहा छर्ऱ्यांत खांद्याला आग लागायची.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी दानम्मा पूजेला बसली होती. कपाळभर भस्म, डाव्या तळहातावर इष्टलिंग, नजर त्याच्यावर. मंजुषा चहा घेऊन दाराशी थांबली. तेवढ्यात खिडकीतलं ऊन सरकलं अन् तळहातावर सावली आली. म्हातारीनं हात जागचा हलवला नाही. आसनासकट बूडच तेवढं वळवलं. लिंगावर पुन्हा लख्ख ऊन.

पूजा आटोपल्यावर मंजुषानं विचारलं, "आत्याबाई, हातच उन्हात न्यायचा की."

"अगं, ओढून धरला की हात थरथरतो. मंग नजर कशी ठरंल? हात आपल्या जागी बरा, बूड हलवावं. तुला न्हाई कळायचं ते. तू जातं हायस!"

मंजुषा कपातला चहा सांडेस्तोवर हसली.

लातूरला आपल्या जागेवर उभी राहिली. डोळे मिटले, हात उचलला, डोळे उघडले. नळी डावीकडंच. मनगट सवयीनं वळायला निघालं, तोच तिला सासूचं ते वळलेलं बूड आठवलं अन् ओठात हसू आलं. हात खाली घेतला. मागचा पाय दोन बोटं सरकवला. पुन्हा डोळे मिटले, पुन्हा उघडले. नळी काळ्या गोलाच्या पोटाशी येऊन बसलेली, आपली आपण, वासरू गाईला लागावं तशी. खांदा गप्प. छर्रा मधे गेला. त्याच्या मागून दुसराही.

संध्याकाळी यादी लागली. चौथं नाव मंजुषाचं. शेषेराव म्हणाले, "ताई, चार महिने मी ओरडून राहिलो, ते एका दिवसात कोणी शिकवलं?"

"सासूनं."



आता रविवारी गादीवर दानम्मा बसते. गिऱ्हाइकानं वरच्या फळीवरचं काही मागितलं की मोठ्यानं सांगते, "उठून घे बाबा तूच. सून लातूरला गेलीया. नेम मीच शिकवला तिला."

"तुम्ही? पिस्तूल धरलं व्हतं का कधी?"

"पिस्तूल कशाला लागतंय? बूड हलवायला शिकवलं, बास!"