फोटोत न आलेला कावळा

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही कळलं नव्हतं. पुढे शाळा झाली नाही. ही वही कुणाला दाखवायची नाही, पण कुणी वाचलीच तर चुका पोटात घाला. त्या फोटोत जे आलं नाही ते कुठेतरी असावं म्हणून लिहिते.

मनवेलपाड्याच्या चाळीत आम्ही दोघंच. मूलबाळ झालं नाही. हे गोखिवऱ्याला एका गाळ्यात मशीनवर होते. ह्यांच्या किडन्या गेल्या तेव्हा मोठ्या दिरांनी, मी त्यांना दादा म्हणते, चाळीस हजार रुपये दिले. पैसे संपले आणि हेही गेले.

ह्यांना उधारीचा तिटकारा. दूधवाल्याचे दिलेस का, हे विचारल्याशिवाय पहिला घास उचलायचे नाहीत. हॉस्पिटलात शेवटी शेवटी एकच बोलणं, "दादाच्या पैशांचं काय करायचं गं?"

दहाव्याला तळ्याकाठी पिंड ठेवला. कावळे समोरच्या शेवग्यावर बसलेले, पण एकही खाली येईना. जो तो बोलून बघत होता. दादा म्हणाले, "तुझ्या बायकोला उघड्यावर टाकणार नाही." नाही आला. गाळ्यातले एक जण म्हणाले, "तुझी मशीन कुणाला बिघडवू देत नाही, ये बाबा." तरी नाही. ऊन चढलं. भटजी घड्याळ बघून म्हणाले, "दर्भाचा कावळा करू या का?"

जाऊबाईंनी मला कोपराने ढोसलं. "तू बोल गं. तुझ्यासाठी अडलाय तो."

चार पुरुषांत मी कधी तोंड उघडलं नव्हतं. पदर धरून म्हटलं, "दादांचे पैसे मी फेडीन. एक रुपयासुद्धा ठेवणार नाही."

एक कावळा सरळ खाली आला आणि त्याने पिंडात चोच घातली. अगदी ह्यांच्यासारखा. आधी हिशेब, मग घास. मला हसू फुटलं. रडत होते आणि हसतही होते, काही केल्या आवरेना. दादाही डोळे पुसता पुसता हसले.

दादांची मुलगी तेव्हा कॉलेजात होती. तिने नव्याच घेतलेल्या मोबाइलवर तेवढ्यात माझा फोटो काढला. आठ दिवसांनी तो इंटरनेटवर घातला, जिथे पोरं आपले फोटो लावतात आणि खाली लोक काहीबाही लिहितात. घातला तो प्रेमानेच. वर लिहिलं होतं, 'माझी काकू. काका गेल्यावर दहाव्या दिवशी.'

मला कळलं ते नळावर. एक जण म्हणाली, "तुझा फोटो सगळे बघतायत हं सायबरमध्ये. छान हसतेस गं. नवरा होता तेव्हा कधी दात दिसले नाहीत ते!" बाकीच्या खाली बघून हंडे भरत राहिल्या. मी अर्धाच हंडा घेऊन घरी आले.

पुतणीला बोलावून सायबर कॅफेत गेले. पडद्यावर मी होते. तोंड उघडं, पदर सुटलेला. गालावरचं पाणी घामासारखं दिसत होतं. पिंड नव्हता, कावळा नव्हता.

"खाली इंग्रजी अक्षरांत काय लिहिलंय ते वाच," मी म्हटलं.

"जाऊ दे ना काकू."

"वाच."

तिने हळू आवाजात वाचलं. एकाने लिहिलं होतं, विम्याचे बरेच आले वाटतं. कुणी नुसत्या हसण्याच्या खुणा केल्या होत्या. एका कुठल्याशा मुलीने लिहिलं होतं, हिला बघून माझी आई आठवली. तेवढं एक मी परत वाचायला लावलं.

"काढून टाकू?"

"टाक."

पण त्याआधीच तो सासूबाईंनी पाहिला होता. त्या दादांकडे गोखिवऱ्याला असायच्या. गुडघ्यांमुळे तळ्यावर आल्या नव्हत्या. शेजारणीने घरी नेऊन कॉम्प्युटरवर दाखवला. माझ्यावर त्यांचा फार जीव होता. आजारी पडल्या की माझ्याच हातची पेज मागायच्या. दादांनी त्यांना सगळं सांगितलं, कावळ्याचंही. त्या म्हणाल्या, "फोटोत कावळा कुठाय?" त्यानंतर माझ्याशी बोलल्या नाहीत.

मी कानातल्यांना खडे चिकटवायचं काम घरी आणलं, दोन घरच्या पोळ्याही धरल्या. महिन्याला हजार-बाराशे घेऊन गोखिवऱ्याला जायचे. सासूबाई पलंगावर भिंतीकडे तोंड करून. मी पायांना हात लावला की पाय आखडून घ्यायच्या. तिसऱ्या वर्षी एकदा पाय तसेच राहिले. जाग्या होत्या की झोपलेल्या, कळलं नाही. मी हात जरा जास्त वेळ ठेवला.

त्या दिवाळीनंतर त्या गेल्या. त्यांच्या दहाव्याला पुतणीने मोबाइल पर्समधून बाहेर काढला नाही.

पाच महिन्यांनी मी उरलेले पैसे घेऊन गेले. दादांनी मोजले आणि शंभराची एक नोट माझ्यापुढे सरकवली.

"ही राहू दे. आपल्यात कसला हिशेब?"

"नको दादा. कावळ्यासमोर बोलले होते."

सासूबाईंचा पलंग काढून टाकला होता. भिंतीवर त्यांच्या डोक्याच्या तेलाचा डाग तेवढा राहिला होता. दोघांचंही लक्ष तिकडे गेलं. मग दादांनी ती नोट बाकीच्या नोटांत ठेवली आणि म्हणाले, "चाळीस हजार पुरे झाले."