पार्किंगपर्यंत सोबत

पाहुण्याला निरोप देण्यात आमच्या काकांचा हात धरणारा माणूस अख्ख्या टेक्सासात सापडायचा नाही. काका म्हणजे नात्यातले नव्हेत. मी ज्या विद्यापीठात कॉम्प्युटरची देखभाल करते, तिथे ते मातीचं शास्त्र शिकवायचे. मूळचे नागपूरचे. फोन उचलला की ‘जय भीम’ म्हणणार आणि मग तो ठेवायची म्हणून घाई करणार नाहीत. त्यांच्याकडून जेवून निघणं हा जेवणाहून मोठा कार्यक्रम असे. सोफ्यावरून उठताना एक गोष्ट, चपला घालताना दुसरी, अंगणात तिसरी, आणि गाडीच्या खिडकीवर कोपर टेकून जी सुरू व्हायची ती तर मुख्य! एकदा नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला ते व्हॅनपर्यंत सोडायला गेले आणि परतले ते त्याच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन. घरी न्यायला आइस्क्रीम घेतलेला पाहुणा तर त्यांच्या निरोपात टिकायचाच नाही, म्हणजे त्याचं आइस्क्रीम टिकायचं नाही. मी पुण्याची, ‘बरंय मग’ म्हटलं की विषय संपला अशा वळणाची. पण काकांपुढे माझंही काही चालत नसे.

मग तो कायदा आला. लायसन्स असलेल्या माणसाला सरकारी विद्यापीठात पिस्तूल कपड्याआड बाळगून फिरायची मुभा. वर्गात, लायब्ररीत, कँटीनमध्येसुद्धा. सगळीकडे कुजबुज सुरू झाली. विद्यार्थ्यांनी शंका विचारायला खोलीवर यायचं, त्या वेळा बऱ्याच जणांनी ऑनलाइन करून टाकल्या. काकांनी आधी अख्खा कायदा वाचून काढला. ज्या लोकांना घटनेनं माणसात आणलं, त्यांनी कायदा ऐकीव ठेवू नये, असं त्यांचं ठाम मत. वाचून झाल्यावर आमच्या विद्यापीठाचा एक नियम त्यांना सापडला: ज्याला स्वतंत्र खोली आहे, तो प्राध्यापक आपल्या खोलीपुरतं ‘इथे पिस्तूल नको’ म्हणू शकतो. मात्र दारावर नुसती पाटी लावून भागायचं नाही, येणाऱ्याला तोंडानं सांगायला हवं.

आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. काकूंनी निर्वाणीचं सांगितलं होतं, एक तर प्रत्येकाला हे सांगा, नाही तर नोकरी सोडा, रोज दुपारी फोनकडे बघत बसायची ताकद माझ्यात नाही. काकू उगाच घाबरणाऱ्या बाई नव्हेत, त्यामुळे काकांना ते टाळता येईना. आणि नोकरी सोडायची तर ते उघडं दार, ती चहाची किटली, शंकांची वही घेऊन येणारी पोरं, सगळंच सुटणार. त्यांचा तर त्या दारावर जीव. ‘‘पण दारात आलेल्या लेकराले पहिलाच शब्द ‘नको’ काहून म्हणायचा, सांग ना मले,’’ ते मला म्हणाले.

पहिला आला डस्टिन. सैन्यातून परतून शिकायला लागलेला, दारात उभा राहिला की कॉरिडॉरमधला उजेड अडायचा एवढा थोराड, आणि बोलायला मात्र लाजरा. मी तेव्हा काकांचा प्रिंटर उघडून बसले होते. काकांनी आधी हवापाणी काढलं, मग त्याच्या आईची चौकशी केली, मग चहा विचारला, आणि शेवटी भिंतीकडे बघत तो नियम सांगून टाकला. डस्टिन ‘येस सर’ म्हणून मागे वळला. गाडी फुटबॉलच्या मैदानापलीकडे होती, पिस्तूल तिथे ठेवून येतो म्हणाला. बाहेर ऑगस्टचं ऊन भाजत होतं. पाहुणा दारातून परत जातोय, तोही असल्या उन्हात, एकटा! काका ताडकन उठले, टोपी घातली आणि म्हणाले, ‘‘थांब, मी पण येतो.’’

दोघं परतले तेव्हा प्रिंटर दुरुस्त होऊन पुन्हा बिघडला होता. फुटपाथला गेलेल्या भेगा दाखवत काकांनी त्याला इथली चिकणमाती पाण्यानं फुगते कशी आणि उन्हात आकसते कशी, ते सगळं समजावलं होतं. वर्गात महिनाभर न कळलेलं डस्टिनला पार्किंगमध्ये कळलं. काकूंना हे समजलं तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला. ‘‘पिस्तूलवाला लांब राहावा म्हणून नियम सांगायला लावला, तर तुम्ही त्याच्याच सोबत फिरायला गेलात?’’ काका शांतपणे म्हणाले, ‘‘परत येताना नव्हतं ना त्याच्याजवळ.’’

त्यानंतर तो रिवाजच पडला. ज्याला गाडीत ठेवून यायचं असेल त्याच्यासोबत काका जात आणि शंका वाटेत फिटत. ही गोष्ट पोरांमध्ये अशी पसरली की ज्यांनी जन्मात पिस्तूल हातात धरलं नाही, तेही दारात येऊन म्हणू लागले, सर, मला जरा गाडीत काहीतरी ठेवायचंय. एका मुलीनं तर मैदान ओलांडून जाऊन गाडीत आपला जेवणाचा डबा ठेवला. काकांनी तोंडावरची रेषही हलू दिली नाही. काकूंची धास्ती एकदम गेली असं नाही, पण त्या पोरांसाठी चिवडा पाठवू लागल्या. ‘‘फोन उचलला नाही की समजते, कुणाला तरी पोचवताहेत,’’ असं म्हणून हसायच्या.

मागच्या वर्षी काका निवृत्त झाले आणि पाठोपाठ गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चाला, नाही तर गुडघे आखडतील. काका काही उठेनात. ‘‘कुठे जाऊ? कोणाले पोचवू?’’ म्हणत खुर्चीत बसून राहायचे. मी निघाले की खुर्चीतूनच हात हलवायचे. गाडीच्या खिडकीशी कुणी नाही, याचं मला रडू यायचं. खोटं कशाला सांगू? काकू स्वयंपाकघरात डोळे पुसायच्या. शेवटी मी डस्टिनला फोन केला. तो आता रस्त्यांसाठी माती तपासायचं काम करतो.

रविवारी तो आला, दारात बूट काढले आणि कुणी विचारायच्या आत म्हणाला, ‘‘सर, गाडीत ठेवून आलोय.’’ काका ‘बरं केलंस’ म्हणाले, पण त्यांचा चेहरा उतरला. काकूंनी चहा आणला. डस्टिननं कप उचलला, पुन्हा खाली ठेवला आणि त्या बोजड माणसाला जमेल तितक्या साळसूदपणे खिसे चाचपले.

‘‘सर, गाडी लॉक केली की नाही, आठवत नाहीये. येता का बघायला?’’

काकांनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं. ‘‘कुठे लावलीस गाडी?’’

‘‘गल्लीच्या पार टोकाला.’’

खिडकीतून घरासमोरची जागा दिसत होती. ती सगळी रिकामी होती, आणि काकांनाही ती दिसत होती. त्यांनी खुर्चीचे हात दोन्ही हातांनी धरले, दात आवळले आणि उठले.

‘‘थांब, मी पण येतो.’’

मी आणि काकू दारात उभ्या राहिलो. दोघं अगदी सावकाश निघाले होते. शेजाऱ्याच्या घरासमोर काका थांबले आणि फुटपाथच्या भेगेवर काठी टेकवून काहीतरी सांगू लागले. डस्टिन मान खाली घालून ऐकत होता, जणू पहिल्यांदाच ऐकतोय. गाडी अजून बरीच लांब होती. आत चहा निवत होता, पण काकूंनी हाक मारली नाही.