झायलीन, खोबरेल आणि केदारखेड्याचे काका

आमच्या लॅबचे किस्से साठत जातात ते वासामुळे. कुणी विचारलं, "हा वास कसला हो?" की एखादा सांगावाच लागतो. जालन्यातली ही लॅब म्हणजे पॅथॉलॉजिस्ट मॅडम, सलीमभाई आणि मी, एवढेच. पेशंटच्या अंगातून काढलेला तुकडा आमच्याकडे येतो. अल्कोहोलने त्यातलं पाणी काढायचं, मग झायलीन नावाच्या रसायनात टाकून आरपार दिसेलसा करायचा, मग मेणात बसवून पातळ काप घ्यायचे. तेव्हा कुठे मायक्रोस्कोपखाली आजार दिसतो. वास त्या झायलीनचा, थेट रंगाच्या थिनरसारखा. साबणाच्या बापानेही जात नाही!

*

घनसावंगीच्या जीपमध्ये शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "ताई, तुमचे मालक पेंटर हायेत का?"

म्हटलं, "नाही हो, मीच लॅबमध्ये काम करते."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "असू द्या. कामात कसली लाज?"

*

सलीमभाईंचे शर्ट भाभी वेगळ्या बादलीत भिजवतात. ईदला नवा कुर्ता, वर अत्तर, असे सजून ते मेहुण्याच्या गळ्यात पडले. मेहुणा म्हणाला, "भाईजान, आज भी ड्यूटी?"

*

सलीमभाईंकडे घाई चालत नाही. तुकड्यात पाणी राहिलं की झायलीन दुधासारखं पांढरं होतं आणि परत मागे जावं लागतं. एका पेशंटचे पुढारी भाऊ फोनवर "जल्दी करा, जल्दी करा" म्हणून ओरडत होते. सलीमभाई म्हणाले, "साहेब, मी तुमचं ऐकून राह्यलो. तुकडा ऐकत न्हाई."

*

त्या वासाने तिघांचीही डोकी फारच दुखायला लागली, तेव्हा मॅडमनी झायलीनऐवजी खोबरेल वापरून पाहिलं. उन्हाळा झकास गेला. मग थंडी पडली. एका सकाळी बघतो तर बरणीतलं तेल गोठलेलं, तुकड्यांच्या जाळीच्या डब्या आत घट्ट. त्यात लाईट गेलेली.

नेमके तेव्हाच केदारखेड्याचे एक काका रिपोर्टला आले. काकूंच्या छातीतल्या गाठीचा तुकडा त्याच बरणीत होता. मॅडमनी काही लपवलं नाही. "काका, तेल गोठलंय. गच्चीवर उन्हात ठेवलंय. आज रिपोर्ट नाही मिळणार."

काका चिडतील असं मला वाटलं. ते गच्चीवर आले, बरणीशेजारी बसले आणि पटका सोडून कावळे हाकायला लागले.

"यातली आमची कोणती?"

सलीमभाईंनी डबी दाखवली.

"बराबर. सगळ्याच सांभाळतो."

ऊन उतरेपर्यंत काका तिथून हलले नाहीत.

*

रिपोर्ट वाईट आला. मॅडमनी काकांना समोर बसवून स्वतः सांगितलं. त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि गेले. त्या दिवशी आमच्यापैकी कुणाचाही डबा उघडला नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही पुन्हा झायलीनवर आलो.

काही आठवड्यांनी काका दारात उभे. काकूंना केमोसाठी संभाजीनगरला नेत होते, त्या बाहेर रिक्षात बसल्या होत्या, डोक्यावरून पदर घट्ट ओढून. काकांच्या हातात तेलाचा डबा. लॅबभर झायलीनचा वास. सलीमभाईंनी पुढे होऊन डबा दोन्ही हातांनी घेतला.

"करडईचं हाय, घाण्यावरचं," काका म्हणाले. "कितीबी थंडी पडू द्या, गोठत न्हाई. मंग दुसऱ्या कुणाला थांबायचं काम न्हाई."