दुपारचं दही

फ्रीज दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे थंडोबा म्हणायचे. एक तर धंदाच थंडाव्याचा, त्यात माणूस कशाचीही घाई न करणारा. लोकांचं दूध नासायला लागलेलं असायचं, बर्फाचं पाणी स्वयंपाकघरभर पसरलेलं असायचं, आणि हा आधी चपला नीट जोडून ठेवणार, मग प्यायला पाणी मागणार, मग फ्रीजला कान लावून डोळे मिटणार. पण एकदा त्याचा हात लागला की फ्रीज चार वर्षं कुरकुर करायचा नाही, म्हणून लोक त्याचा संथपणा पोटात घालायचे.

हे काम त्याला सासऱ्यांनी शिकवलं होतं. सासरे सांगायचे, मेकॅनिकची खरी हत्यारं तीन: कान, बोटं आणि नाक. मोटर सुरू करणारा रिले जळला की एक वास, तेल झिरपलं की दुसरा, आणि मागे उंदीर मेला असेल तर तो तिसरा, तेव्हा आधी खिडकी उघडायची. थंडोबा पन्नाशीला टेकला तरी त्याचे कान आणि बोटं तल्लख होती. नाकाने मात्र काही वर्षांपासून संप पुकारला होता.

कारण बायकोला ठाऊक होतं, फक्त त्याला मान्य नव्हतं. थंडोबाला दही लागायचं. सकाळी न्याहारीला दही, डब्यात दही, आणि रात्री जेवण झाल्यावर फ्रीजमधलं गारढोण, साय धरलेलं दही वाटीभर, वर दोन चमचे साखर. बाहेर पाऊस कोसळू दे नाहीतर थंडीने दात वाजू देत, वाटी चुकायची नाही. बायको म्हणायची, अहो, रात्रीचं दही बरं नव्हे, त्यातून या हवेत. तो म्हणायचा, शिंका येतात त्या फ्रीजमागच्या धुळीने. वीस वर्षं हे चाललं होतं आणि एव्हाना दोघांनाही एकमेकांची वाक्यं पाठ झाली होती.

मग शिवणकाम करणाऱ्या ताईंकडची ती गोष्ट घडली. पाऊस सरत आला होता. ताईंच्या फ्रीजचा रिले बदलून थंडोबाने तो सुरू केला आणि चहा घेत बसला. फ्रीज भिंतीकडे सरकवताना मागची वायर चेपली गेली होती, ती हळूहळू करपू लागली. ताईंनी मशीन थांबवून हवेत नाक फिरवलं. समोरच्या घरातून कोणीतरी काय जळतंय म्हणून विचारायला आलं. थंडोबा बशीतला चहा फुंकत सगळं ठीक आहे म्हणत राहिला. शेवटी ताईंच्या सासूबाई आतल्या खोलीतून काठी टेकत आल्या आणि त्यांनी स्वतः बटण बंद केलं. नुकसान काही नाही, बोटभर वायर काळी पडली. ती त्याने लगेच बदलली. पण हत्यारांची पेटी स्कूटरला बांधून होईपर्यंत गोष्ट गल्लीच्या टोकाला पोचली होती. सासूबाई येईल त्याला हसून सांगत होत्या, मी ऐंशी वर्षांची, मला आतल्या खोलीत वास आला.

घरी त्याने काही सांगितलं नाही. बायकोला संध्याकाळपर्यंत सगळं कळलं होतं. रात्री तिने दह्याची वाटी नेहमीसारखी त्याच्यापुढे ठेवली, आणि त्याचंच त्याला जास्त लागलं.

पुढच्या आठवड्यात एका वैद्यबाईंच्या फ्रीजचं दार नीट लागत नव्हतं, म्हणून त्याला बोलावणं आलं. त्याने दार उघडलं तर आत डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली आणि अर्धं लिंबू. एवढा मोठा फ्रीज रिकामा पाहून त्याच्यातला मेकॅनिक दुखावला. आधी कामाचं बोलावं म्हणून तो चोंदलेल्या नाकाने म्हणाला, "बॅडब, दाराचं रबर गेलंय. डवं लागेल."

वैद्यबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. सर्दी कधीपासूनची, त्यांनी विचारलं.

"सर्दी डाही, धुळीचं आहे."

मग त्यांनी खाण्यापिण्याची चौकशी केली. दह्याचं प्रमाण सांगताना थंडोबाने रात्रीच्या वाटीचा चमचा केला. वैद्यबाई नुसत्याच पाहत राहिल्यावर त्या चमच्याची पुन्हा वाटी झाली, वर साखरही आली.

"दही वाईट नाही हो," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या फ्रीजला बारा महिने सारखेच, पोटाला तसे नसतात."

रबर बसवून होईपर्यंत त्यांनी त्याला सगळं वर्ष समजावून दिलं. पाऊस संपून ऊन तापायला लागलं की दही बंद, दूध आणि तूप घ्या. थंडी चांगली पडली की दही खुशाल खा, पण ताजं, दुपारच्या जेवणात. सूर्य मावळल्यावर नाही. थंडी मोडली की पुन्हा थांबा, तेव्हा भरपूर पाणी घालून घुसळलेलं ताक, त्यात सुंठ-जिरं. कडक उन्हाळ्यात दूध आणि घरचं लोणी. आमच्या शास्त्रात असं सांगितलंय, त्या म्हणाल्या, पण माणसागणिक फरक पडतो, तेव्हा स्वतःकडे लक्ष ठेवा. आणि महिन्याभरात नाक सुटलं नाही तर मुकाट्याने नाकाच्या डॉक्टरांना दाखवा.

थंडोबाने घरी येऊन हे मोठ्या उत्साहाने बायकोला ऐकवलं. तिने भाजी चिरायची थांबवली.

"मी वीस वर्षं काय सांगत होते?"

ती पुन्हा चिरू लागली, पण सुरी नेहमीपेक्षा जोरात चालत होती. दोन दिवस अबोला राहिला. तिसऱ्या दिवशी तिने अट घातली: रोज कामावरून आल्यावर उंबऱ्यातच एक वाक्य म्हणून दाखवायचं. वाक्य होतं, माझ्या मामीनं मला मान दिला. नाक मोकळं असेल तर मामी मामीच राहील.

पहिले पंधरा दिवस मामीची बाबी होत होती. मग हळूहळू ती मूळपदावर येऊ लागली. मध्येच एकदा एका गिऱ्हाईकाकडे आजींनी आग्रहाने दह्याचा वाडगा पुढे केला आणि थंडोबाला नाही म्हणवेना. दुसऱ्या दिवशी दारात उभा राहून तो ते वाक्य टाळायला बघत होता. बायकोने त्याला म्हणायला लावलं आणि ती हसत सुटली. इतक्या वर्षांत तिला असं हसताना त्याने क्वचितच पाहिलं होतं, म्हणून त्याने ते पुन्हा एकदा म्हणून दाखवलं.

एका संध्याकाळी तो जिना चढत होता. बायकोने लोणी कढवायला ठेवलं होतं आणि ती शेजारणीशी बोलत गॅलरीत उभी होती. पहिल्या मजल्यावरच थंडोबा थबकला. "अगं, तूप उतरव," त्याने खालूनच हाक दिली. ती धावत आत गेली. तूप नेमकं झालं होतं, आणखी मिनिटभरात करपलं असतं. वर आल्यावर तो पातेल्यापाशी बराच वेळ वास घेत उभा राहिला.

थंडी पडली तेव्हा दह्याचा प्रश्न आला. ताजं, घरचं आणि दुपारी, म्हणजे डब्यात नेऊन आंबवलेलं चालणार नव्हतं. मग थंडोबा जेवायला घरी येऊ लागला. बायको एका शाळेच्या ग्रंथालयात सकाळपाळीला होती, बाराला परतायची. लग्न झाल्यापासून ती दुपारी एकटीच जेवत आली होती, ताटाशेजारी वर्तमानपत्र पसरून. आता समोर माणूस आला. पहिल्या दिवशी दोघांनी वर्तमानपत्राची पानं वाटून घेतली. नंतर तिने ग्रंथालयातल्या गमती सांगायला सुरुवात केली, कोणते सर पुस्तकांची पानं मुडपून खराब करतात, कोणत्या बाई सहा महिने एकच कादंबरी परत करत नाहीत. आपल्या बायकोला नकला करता येतात, हे थंडोबाला पन्नाशीत कळलं. दही मऊ, गोडसर लागलेलं असायचं. तो वाटी बोटाने पुसून खायचा.

पुढे थंडी मोडली. दह्याचे दिवस संपले तसं आता हा पुन्हा डबा नेणार, असं ती धरून चालली. सकाळी घाईत डबा भरायचा राहून गेला, त्यानेही मागितला नाही. दुपारी तिने आपल्यापुरतं ताट वाढून घेतलं, वर्तमानपत्र उघडलं, आणि खाली स्कूटर थांबल्याचा आवाज आला.

"आज दही नाहीये," दार उघडत ती म्हणाली.

"माहीत आहे," थंडोबा चपला जोडून ठेवत म्हणाला. "त्या सहा महिनेवाल्या बाईंनी कादंबरी परत केली का?"

तिने दुसरं ताट घेतलं आणि ताक घुसळायला रवी काढली. उन्हाळ्यात फ्रीज पटापट बंद पडतात, तेव्हा त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. त्या वर्षी गिऱ्हाईकं दुपारी फोन करून घाई करायची आणि थंडोबा शांतपणे सांगायचा, अडीचनंतर येतो.